बापाच्या कबरीवरचे दगड

गप्प बसण्यात किल्लीवाल्याचा चांगला घसघशीत फायदा होता. ज्यूंच्या कबरस्तानाच्या ज्या अर्ध्या कोसळलेल्या भिंतीसाठी आधी त्याच्या बापाने आणि मग त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, ती फुकटात बांधून मिळणार होती. मोठ्या पक्षाच्या झाडून सगळ्या कार्यालयांना कुलपं बसवायचं काम मिळणार होतं. शिवाय लोक त्याच्याकडे जन्मात पहिल्यांदाच संशयाने न बघता कीव करून बघत होते. कीव ही काही फार मानाची वस्तू नव्हे, पण संशयापेक्षा ती पुष्कळ उबदार असते. खर्चाच्या बाजूला काय ते एक नाव होतं, कबरस्तानाच्या राखणदाराचं. आणि तो खर्च किल्लीवाल्याच्या खिशातून जायचा नव्हता, ही तर या व्यवहारातली खरी गोम.

शहरात निवडणूक होती. एका बाजूला मोठा पक्ष आणि दुसऱ्या बाजूला शाळेच्या बाई. बाई मुसलमान होत्या, गणित शिकवायच्या, आणि अर्ध्या शहराचे कान त्यांनी लहानपणी पिरगळलेले असल्यामुळे त्या निवडून येतील की काय अशी धास्ती मोठ्या पक्षाने घेतली होती. गुरुवारी बाईंची प्रचारफेरी कबरस्तानाच्या रस्त्याने गेली. शुक्रवारी सकाळी जो तो आपल्या फोनमध्ये एक फोटो बघत होता. ज्यूंच्या कबरस्तानातली कबर, तिच्यावर दगडांचा हा एवढा ढीग, आणि खाली लिहिलेलं की बाईंच्या माणसांनी मेलेल्यांनाही सोडलं नाही, आज त्यांच्या कबरी, उद्या तुमची घरं.

एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात फोन धरून किल्लीवाल्याने तो फोटो पाहिला आणि आधी त्याला हसूच आलं. कबर त्याच्या बापाची होती. ढिगावरचा पांढऱ्या पट्ट्याचा दगड त्याने मागच्याच भेटीत स्वतःच्या हाताने ठेवलेला, आणि शेजारचा विटकरी रंगाचा त्याच्या आईचा. ज्यू माणूस कबरीला फुलं वाहत नाही. भेटून निघताना एक दगड ठेवतो, कोणीतरी येऊन गेलं याची खूण म्हणून. फूल दुपारपर्यंत मान टाकतं, दगड जागा सोडत नाही. त्यात किल्लीवाल्याची आई नवऱ्याला भेटायला इतक्या नेमाने जायची की त्या कबरीवर आता दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. पडक्या भिंतीवरून फोटो काढणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी दगड दोनच कामांना येतो, बांधायला नाहीतर फेकायला, आणि तिथे काही बांधलेलं त्याला दिसलं नसावं.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने हळहळ व्यक्त केली आणि एक जाड कुलूप घेतलं. दुसऱ्याने दोन घेतली. एरवी किल्ली वाकडी कापली म्हणून भांडणारा शिंपी आज आपण होऊन म्हणाला की तुमच्या लोकांनी किती सोसायचं. घाबरलेलं शहर कुलपं घेतं हे किल्लीवाल्याला धंद्याने शिकवलं होतं, आणि त्या सकाळी भिंतीवरचे खिळे एकामागून एक मोकळे होत गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगणार होता की अहो, ते आमचेच दगड आहेत. प्रत्येक वेळी त्याने नुसतं कुलूप कागदात गुंडाळून दिलं. कारण प्रत्येक गिऱ्हाईक निघताना उंबऱ्यात थांबत होतं आणि आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारत होतं. कबरस्तानाचा राखणदार कोणत्या धर्माचा हो? आत शिरू कोणी दिलं असेल, हे काय सांगायला हवं?

राखणदार मुसलमान होता. त्याचा बापही तिथेच राखणदार होता. किल्लीवाल्याच्या बापाची कबर खणली ती याच माणसाने, आणि खणताना पाऊण वेळ तो रडत होता.

दुपारी मोठ्या पक्षाचा प्रचारप्रमुख स्वतः दुकानात आला. त्याला सगळं शहर मधाळ म्हणत असे, कारण त्याने कोणाला शिवी दिली तरी समोरचा आभार मानून घरी जायचा. त्याने स्टूल पुढे ओढलं, किल्लीवाल्याच्या आईची तब्येत विचारली, भिंतीचा विषय काढला, कार्यालयांच्या कुलपांचा विषय काढला, आणि मग रविवारी सकाळी कबरस्तानाच्या फाटकाशी एक छोटी सभा असल्याचं सांगितलं.

"तुम्हाला काही बोलायचं नाही," मधाळ म्हणाला. "फक्त शेजारी उभं राहायचं. आईंनाही आणलंत तर बरं दिसेल."

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली, परत उचलली, आणि कसाबसा बोलला. "साहेब, ते दगड फेकलेले नाहीत. आम्हीच ठेवलेत. आमच्यात तशी पद्धत आहे."

मधाळला आश्चर्य वाटलं असलं तरी ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. त्याने काउंटरवरची एक कच्ची, अजून न कापलेली किल्ली उचलली आणि बोटांत फिरवत राहिला.

"असेल पद्धत. पण लोकांना ते फेकलेले दिसलेत. दिसलेलं आता परत कसं घेणार? आणि तुम्ही उठून म्हणालात की आमचेच दगड, तर लोक विचारतील, मग फोटो कोणी काढला? बोंब कोणी मारली? शहरात काडी कोणी लावली?" तो फार मायेने हसला. "तुमच्या लोकांबद्दल असलं काही पटायला लोकांना वेळ लागत नाही, किल्लीवाले. मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते."

तो गेला तेव्हा ती कच्ची किल्ली काउंटरवर बरोबर होती त्या जागी ठेवून गेला.  धमकी सरळ दिली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. सल्ल्याला काय सुनावणार?

किल्लीवाल्याने चश्मेवाल्याला फोन लावला. चश्मेवाला प्रार्थनागृहाचा सचिव. शहरात ज्यू घरं इतकी थोडी की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना त्याची दमछाक व्हायची, आणि म्हणून तो कोणालाही दुखवत नसे. त्याचं म्हणणं असं पडलं की दगडापेक्षा वीट मऊ. आपण खोटं बोललो नाही, फोटो आपण काढला नाही, रविवारी ताप आल्याचं सांगून घरी राहा. निवडणूक येते आणि जाते, आपल्याला मात्र इथेच राहायचंय. सल्ला वाईट नव्हता. त्यात फक्त राखणदार कुठेच नव्हता.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करायचं होतं. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, मग दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत काम नाही, लिहिणं नाही, फोन नाही. किल्लीवाला शटर ओढत होता तेवढ्यात राखणदार समोर येऊन उभा राहिला. टोपी हातात, चेहरा राखेसारखा. त्याने खिशातून फाटकाची किल्ली काढली. त्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या, एक त्याच्याकडे, एक किल्लीवाल्याकडे.

"ही घ्या, भाऊ. दुपारपासून खोलीसमोरून मोटारसायकली फिरतायत. नुसत्या येतात, थांबतात, जातात. बायकोला घेऊन बहिणीकडे जावं म्हणतो."

किल्लीवाल्याने किल्ली घेतली. इथे त्याने नुसतं जा म्हटलं असतं तरी पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण भित्र्या माणसाला भित्रा दिसायची सर्वांत जास्त भीती असते.

"तुम्ही कशाला जाता?" तो म्हणाला. "मी सांगणार आहे ना सगळ्यांना. आता शब्बाथ लागतोय, उद्या संध्याकाळी संपला की बोलतो."

राखणदाराच्या खांद्यांवरचं ओझं त्याच्या डोळ्यांदेखत उतरलं. तो म्हणाला, तुम्ही बोलणार असाल तर मग आम्ही कुठे जात नाही. बायकोलाही तेच हवंय, शर्टांचा गठ्ठा पडलाय, काजं करून उद्या द्यायची आहेत, ते काम टाकून यायला ती तयारच नव्हती. किल्ली मात्र आजचा दिवस तुमच्याकडेच असू द्या, कोणी माझ्याकडून हिसकावून आत शिरलं असं व्हायला नको. एवढं बोलून तो टोपी घालून निघून गेला, आला होता त्याच्या दुप्पट सरळ पाठीने.

घरी आईने दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना पुटपुटली. फोन बंद करून खणात टाकायचे, पण बायको आपला बंद करायला विसरली होती, आणि जेवणभर खणातून तो थरथरत राहिला. शब्बाथला त्याला हात लावायचा नाही, म्हणून तो बंदही करता येईना. लाकडात काहीतरी जिवंत अडकून पडावं तसा तो आवाज. प्रत्येक थरथरीला किल्लीवाल्याचा घास थांबायचा. बायकोने दाराची कडी पुन्हा एकदा तपासली आणि खुर्ची ओढून दाराला लावली. कुलपांचा व्यापारी नवरा असलेल्या घरात दाराला खुर्ची लावायची वेळ आली होती.

आईने पाव मोडून दिला आणि विचारलं की फोटोतली कबर आपल्या ह्यांची ना. तिला कळणार नाही अशी किल्लीवाल्याची समजूत होती. पण शेजारणीने जिन्यातच तिला फोन दाखवला होता आणि गळ्यात पडून रडलीही होती. म्हातारी म्हणाली, मी तिला सांगितलं, बाई, तो विटकरी दगड माझा आहे, तर ती म्हणाली तुम्ही फार घाबरलायत, पडून राहा.

"मी बोलणार आहे," किल्लीवाला म्हणाला. "शब्बाथ झाला की."

"बोललात तर दुकान जाईल," बायको म्हणाली. मग वाटी त्याच्यापुढे सरकवून, "न बोललात तर मला तुमच्याकडे बघवणार नाही. काय ते ठरवा. आणि गप्पच बसायचं असेल तर विकायच्या कुलपांतलं एक स्वतःच्या तोंडाला तरी नीट बसवा, उगाच त्या राखणदाराला आशा लावू नका."

त्यावर त्याने शब्बाथची ढाल पुढे केली.  मग आईने जुनी गोष्ट काढली, घरात सगळ्यांना पाठ असलेली. खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल घरात एकटं कोंडलं गेलं होतं, चूल पेटलेली, दिवस शब्बाथचा, आणि तिच्या नवऱ्याने हत्यारांची पेटी उचलून कुलूप उघडलं होतं. जिवावर बेतलं की शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे त्याला कोणाला विचारावं लागलं नाही.

"कोणाच्या जिवावर बेतलंय, आई? नुसत्या मोटारसायकली फिरतायत."

"माझ्या आजोबांच्या वेळी नुसते लोक विहिरीपाशी थांबून आत वाकून बघायचे," म्हातारी म्हणाली. "आपण पाण्यात विष कालवलं म्हणून. विहिरी बुजल्या, नळ आले, ती गोष्ट काही बुजली नाही. आळाचा झगा तोच आहे, आज दुसऱ्याच्या अंगात घातलाय एवढंच. बेतायची वाट बघ तू."

तो अंथरुणावर पडून राहिला आणि त्याने वाट बघितली.

शनिवारी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं. खुर्ची बाजूला करून दार उघडेपर्यंत तो सांगतच सुटला होता. कबरस्तानाच्या फाटकाशी माणसं जमलीत, पहाटे कोणीतरी राखणदाराच्या खिडकीवर धोंडा घातला, बायको खिडकीशीच बसून शिवत होती, हाताला लागलंय, दोघं आत कोंडून घेऊन बसलीत आणि बाहेरची माणसं हलत नाहीयेत. पोलीस आलेत का, किल्लीवाल्याच्या बायकोने विचारलं. आलेत, दूधवाला म्हणाला, लांब उभे आहेत.

 किल्लीवाला भिंतीला टेकला. आई मात्र काठी घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेलेली.

"किल्ल्या घे," ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली.

शब्बाथला कबरस्तानात जायचं नसतं. किल्ली खिशात घालायची नसते. दगड तर उचलायचाच नसतो. रस्ताभर किल्लीवाल्याच्या खिशात त्या दोन किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या आणि त्याला वाटत होतं की सगळ्या खिडक्यांना तो आवाज जातोय. नेहमीची दुकानं, नेहमीचं वळण, शिंप्याच्या पायरीवर तेच मांजर. फक्त त्याला प्रत्येक दार मागून कोणीतरी दाबून धरल्यासारखं दिसत होतं. आईचा हात त्याच्या दंडावर होता.

फाटकाशी गर्दी मोठी नव्हती, पण तापलेली होती. पुढे असलेल्यांत कालची दोन गिऱ्हाइकं त्याने ओळखली. एकाच्या हातात त्याच्याच दुकानातलं जाड कुलूप होतं, साखळीसकट. फाटकाला लागून असलेल्या राखणदाराच्या खोलीच्या खिडकीला काच उरली नव्हती आणि आतून एक बाई सलग, बारीक आवाजात कण्हत होती. गर्दीने म्हातारीला बघितलं आणि दुभंगून वाट दिली. बिचाऱ्या आल्या, कोणीतरी म्हणालं. त्यांना न्याय मिळालाच पाहिजे.

म्हातारी खोलीच्या दारासमोर थांबली. काठीवर भार टाकून वाकली आणि रस्त्यावरून एक दगड उचलला.

गर्दीत समाधानाची कुजबूज झाली. तिचा पहिला मान, अशाच भावनेने माणसं मागे सरकली. कोणीतरी फोन वर धरला. दाराच्या फटीतून राखणदाराचा एक डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्यानेही तो दगड बघितला. तो डोळा किल्लीवाल्याला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिला.

म्हातारी दाराकडे गेली नाही. फाटकाकडे वळली आणि म्हणाली, "उघड."

कुलूप त्याच्या बापाने बनवलेलं, तेल पाजून पाजून लोण्यासारखं झालेलं. तरी किल्ली भोकात जाईना. हजारो किल्ल्या कापलेला हात, आणि त्याला भोक सापडत नव्हतं. मागे कोणीतरी हसलं. शेवटी दुसऱ्या किल्लीने, राखणदाराच्या किल्लीने, कुलूप उघडलं. म्हातारी आत गेली, गर्दी मागोमाग. तिने नवऱ्याच्या कबरीवरचे दगड थोडे सरकवले, हातातल्याला जागा केली आणि तो ठेवला. मग बोट ठेवत एकेक दाखवायला लागली. हा आजचा. हा मागच्या खेपेचा, माझा. हा पांढरा माझ्या मुलाचा. हा माझ्या नणंदेचा, ती आता नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळे किल्लीवाल्याकडे बघू लागले.

 किल्लीवाल्याचा आवाज आला तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

"कोणी फेकलेले नाहीत," तो म्हणाला. "भेटायला आलो की ठेवतो आम्ही. फाटकाचं कुलूप तुटलेलं नाही, आत्ता तुमच्यासमोर उघडलं. बाईंच्या माणसांपैकी इथे कोणी आलं नाही. राखणदाराने काही केलेलं नाही."

साखळीवाल्या गिऱ्हाइकाने विचारलं की मग काल का नाही सांगितलंत, काल तर माझ्याकडून पैसे घेऊन कुलूप विकलंत.

"काल घाबरलो होतो."

"आणि आज?"

"आजही घाबरलोय," किल्लीवाला म्हणाला. "मत कोणाला द्यायचं ते द्या. माझ्या बापाच्या कबरीवर उभं राहून ते मागू नका."

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. गर्दी वितळली ती खट्टू होऊन, खेळ रद्द झाल्यासारखी. फसवलं म्हणून रागावले ते किल्लीवाल्यावर. मोटारसायकलवरचा एक जण जाताना म्हणाला की हे लोक असेच, दोन्हीकडून खाणार. लांब उभे असलेले पोलीस जवळ आले आणि त्यांनी विचारलं की काही तक्रार आहे का. राखणदाराची बायको बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात अर्ध्या शिवलेल्या शर्टात गुंडाळलेला होता.  राखणदार तिच्या मागोमाग आला. किल्लीवाला शुक्रवारी बोलला असता तरी पुरे झालं असतं, हे तिघांनाही माहीत होतं.

आता हे कोणाला केवढ्याला पडलं ते बघायचं. रविवारची सभा झाली नाही, पण मधाळचं त्यात काही गेलं नाही. आपण तर केवळ ज्यू बांधवांच्या काळजीपोटी धावलो होतो असं त्याने सांगितलं, आणि निकालानंतर जी मिरवणूक निघाली तिच्यात तो पुढे होता. ती कोणाची होती हे सांगण्यात अर्थ नाही, तो कोणत्याही मिरवणुकीत पुढे असता. फोटो काढणारा कोण, हे कळलं नाही, त्यामुळे त्याला काही भरावं लागलं नाही. शाळेच्या बाई एकदा म्हातारीला भेटायला आल्या, बोलल्या थोडं, आणि जाताना त्यांनी रीत विचारून घेऊन कबरीवर एक दगड ठेवला. भिंत पडकी ती पडकीच आहे. किल्लीवाल्याची बरीच गिऱ्हाइकं तुटली, शटरवर कोणीतरी घाण फासली ती बायकोने काही न बोलता धुतली, आणि चश्मेवाल्याने त्याच्याशी बोलणं सोडलं, ते प्रार्थनेला दहावा माणूस कमी पडेपर्यंत. हे सगळं मिळूनही किल्लीवाल्याला फार महाग पडलं असं म्हणता येत नाही.

राखणदार बहिणीच्या गावी गेला तो परत आला नाही. फाटकाच्या दोन्ही किल्ल्या किल्लीवाल्याकडेच असतात. खरी किंमत दिली ती राखणदाराच्या बायकोने. या सगळ्या प्रकरणात तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि कोणी कसला शब्द दिला नव्हता. उजवं मनगट बसलं ते वाकडंच बसलं, आणि काज करायला सुई धरता यावी एवढी बोटं त्यानंतर मिटली नाहीत.